अहोंचा फोन

सुभद्राबाईंनी फोन उचलला की पलीकडचा माणूस खुर्चीतून उठून उभा राहतो, असं म्हाळुंग्यात सांगतात. लोकांचं काय हो, लोक काहीही सांगतात. पण एवढं मात्र खरं, की चाकणच्या कुठल्याही कंपनीत एखादं धूड इकडचं तिकडं करायचं झालं, की फोन सोपानरावांच्या हायड्राच्या धंद्याला यायचा आणि तो उचलायच्या त्यांच्या मंडळी, सुभद्राबाई. हायड्रा म्हणजे ती पिवळी, पुढं सोंड काढलेली क्रेन. तळेगाव रस्त्यावर ती आपल्यापुढं लागली की आपण शिव्या मोजतो ना, तीच.

"बोला! कुठल्या गेटला? माल केवढा? वर तारा हायेत का? मागच्या टायमाला सांगितलं न्हाई, आन् आमच्या बंटीनं तुमची लाइट घालवली. आता नीट सांगा!" हे असं. भले भले मॅनेजर गप मुकाट्यानं तारांची उंची सांगायचे.

ही खुर्ची त्यांना कुणी दिली नव्हती बरं का. जमीन कंपनीत गेली, पाठोपाठ गोठा गेला, आणि बाईंच्या आवाजाला कामच उरलं नाही. बैलावर ओरडायचं नाही, बांधावरून जावेला हाक मारायची नाही. दिवसभर टीव्हीपुढं बसून मालिकेतल्या सासवांना सल्ले द्यायचे, आणि त्या सासवा मेल्या ऐकायच्या नाहीत! अशात एकदा सोपानराव अंघोळीला गेलेले, फोन वाजवाज वाजला, बाईंनी तो उचलला. सोपानराव डोकं पुसत बाहेर आले तोवर क्रेन रस्त्याला लागलेली. त्यांनी बायकोकडं बघितलं, क्रेन गेली त्या धुळीकडं बघितलं आणि म्हणाले, "अगं, मग आता तूच बघ की फोन." त्या दिवसापासून शेडमधली ती खुर्ची बाईंची. वाणीला काम मिळालं आणि बाईंची तब्येतच सुधारली. गुडघे दुखायचे थांबले म्हणे.

'अगं'. हा शब्द जरा लक्षात ठेवा. सोपानरावांनी बायकोला उभ्या जन्मात दुसरी हाक मारलेली नव्हती. बाईंचं माहेर तळेगाव दाभाड्याचं, आणि माहेरचं नाव होतं रंभा. लग्नात सासूनं, गोजाबाईंनी, ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुभद्रा' काढायला लावलं. नवऱ्यानं नव्या नवलाईत एकदा "रंभा, पाणी दे" म्हटलं तर गोजाबाई कडाडल्या, "माझ्या घरात रंभा न् मेनका नकोत! सुभद्रा म्हणायचं!" सोपानराव आईपुढं गरीब गाय. 'रंभा' त्यांनी टाकलं, पण 'सुभद्रा' काही उचललं नाही. 'अगं'वर संसार काढला. गोजाबाई गेल्या, माहेरची जुनी माणसं गेली, आणि रंभा हे नाव या पृथ्वीवर कुणाच्या तोंडी राहिलं नाही. बाईंना कधीमधी वाटायचं, बायकोला दोन-दोन नावं असून एक घेत नाही हा माणूस, काय म्हणावं याला! पण वाटायचं तेवढंच. फोन वाजला की विसरून जायच्या.

तर आता फोनाकडं. धंदा वाढला, फोन वाढले, आणि कुणाचा फोन आहे ते कळेना. मग सून दिव्या पुढं सरसावली. पोरगी हिंजवडीत कम्प्युटरवर कामाला, अर्धे दिवस घरूनच. तिनं सगळ्यांचे फोन इंटरनेटवर घेतले. सासूपुढं मोठ्या पडद्याचा फोन, क्रेनवरच्या पोरांच्या मोबाईलमध्ये ॲप.

"आई, आता फोन आला की आधी मशीन तो नंबर घेऊन डेटाबेसमध्ये बघणार," ती समजावत होती. "तिथं नंबरापुढं जे नाव असेल ते उचलून तुमच्या पडद्यावर दाखवणार. मग वाजणार."

"डबाबेस?"

"डेटाबेस. नंबर आणि नावांचा तक्ता."

"म्हंजी मसाल्याचा डबा. ज्याच्या त्याच्या वाटीत जो तो." बाई खूश झाल्या. "लिव्ह. मी सांगते नावं."

आणि सांगितली की! काय ती नावं! भोसरीच्या वर्कशॉपचे बबनराव फोनवर गावजेवणाला बोलावल्यासारखे ओरडतात, म्हणून 'बबनराव कान लांब धरा'. एक साहेब कायम 'उद्या नक्की' म्हणून टांग मारणारे, ते 'उद्यानक्की साहेब'. आपल्या पोरांनाही सोडलं नाही. बंटीनं एकदा हायड्रा गटाराच्या खड्ड्यात घातलेला, तो 'बंटी खड्डा'. लातूरकडचा समाधान, त्याला कधीही फोन करा, तोंडात घास. त्याचं नाव 'समाधान जेवतोय'. दिव्या हसून हसून टेबलावर आडवी.

"आता ह्यांचा नंबर घे," बाई म्हणाल्या.

"घेतला. नाव काय टाकू?"

"ह्यांचं."

"अहो आई, हो. पण काय टाकू?"

"तेच की."

"काय तेच?"

"आत्ता तूच म्हणालीस ते. अहो!"

दिव्याला सासऱ्याचं नाव माहीत नव्हतं का? होतं की. लग्नपत्रिकेवर छापलं होतं. पण हसण्याच्या भरात होती, आणि पडद्यावर दिसणार ते फक्त सासूलाच, या समजुतीत होती. तिनं टाकलं: 'अहो'. शेवटी शेडमधल्या फोनाची पाळी आली. "याला सुभद्रा टाकू ना?" बाईंनी हात हलवला. "राहू दे," म्हणाल्या. "ऑफिस टाक. त्ये नाव तसं बी—" तेवढ्यात दूधवाल्यानं बेल मारली आणि ते वाक्य तिथंच राहिलं.

पहिले दोन दिवस नुसती मजा. फोन वाजायच्या आधी बाईंना कळायचं कोण आहे. "काय उद्यान... अं... साहेब, बोला!" करता करता जीभ सांभाळायच्या. आणि नवऱ्याचा फोन आला की पडद्यावर मोठ्या अक्षरात 'अहो'. बाईंना गुदगुल्या व्हायच्या. या वयात. कुणाला सांगणार?

तिसऱ्या दिवशी बाई खुर्चीत कुठल्या गेटला कुठली क्रेन ते लावत बसलेल्या आणि सोपानराव बाहेर पायरीवर बसून एका मोठ्या कंपनीतल्या विजयश्री मॅडमना फोन लावत होते. मॅडमच्या हातात त्या कंपनीत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या क्रेनचं काम. सोपानराव त्यांच्याशी घसा साफ करूनच बोलायचे. बाईंना खिडकीतून एकाच बाजूचं ऐकू येत होतं.

"नमस्कार मॅ... न्हाई. न्हाई आणलं अजून." मग शांतता. "दळण? न्हाई... व्हय, चुकलंच." परत शांतता. "कोथिंबीर बी आणतो. व्हय. व्हय. ठेवतो."

सोपानराव आत आले ते भूत बघितल्यासारखे. "अगं, मॅडमचं दळण आपल्याकडं कुणी आणून ठेवलंय का?"

"आपण काय गिरणी काढलीय?"

"लई चिडल्यात. म्हणाल्या, एक काम सांगितलं तर धड होत न्हाई तुमच्याच्यानं."

"आन् तुमी काय म्हणालात?"

"मी व्हय म्हणालो. त्या आवाजाला दुसरं काय म्हणतात?"

बाईंना काही उमगेना. तेवढ्यात सोपानरावांनी भोसरीला बबनरावांना फोन लावला, आणि ते कान लांब धरायच्या आत अख्ख्या शेडला ऐकू आलं, "बोला अहो! आज कुणाचे अहो बोलताय?" आणि मग जे गडगडाटी हसू फुटलं, ते फोन कापला तरी कानात वाजत राहिलं.

बाहेर हायड्राच्या चाकामागं बंटी आणि समाधान एकमेकांना धरून वाकले होते. सोपानरावांनी त्यांना कान धरून आत आणलं. समाधाननं घास गिळला आणि बोलायचं धाडस केलं. "अण्णा, आमी दोन दिवसांपासून बघायलाव. तुमी फोन केलाव की आमच्या मोबाईलवर 'अहो' यायलंय. मला वाटलं, घरचाच काहीतरी मामला आसल. मधी कशाला पडावं?"

"आन् मला सांगितलं न्हाई, लेको?"

"माझं बी तसंच झालंय की अण्णा!" तो कळवळला. "काल गेटवरून मॅडमला फोन केला, क्रेन आलीय म्हणून. त्यांच्या फोनवर 'समाधान जेवतोय'. म्हणाल्या, बरं, जेवून घे सावकाश. दोन तास गेटवरच उभा होतो मी! उपाशी!"

दिव्या धावत आली, पडद्यात बघितलं आणि कपाळाला हात लावला. झालं होतं असं, की आत येणाऱ्या फोनाचं नाव ज्या तक्त्यातून यायचं, त्याच तक्त्यातून बाहेर जाणाऱ्या फोनालाही नाव लागत होतं. नावाचा रकाना एकच. ज्यांच्याकडं असलेच इंटरनेटचे फोन, त्या प्रत्येकाच्या पडद्यावर म्हाळुंग्यातून 'अहो' जात होते. आणि विजयश्री मॅडमनी आपल्या मोबाईलमध्ये स्वतःच्या नवऱ्याला कोणत्या नावानं ठेवलं असेल? सांगायलाच नको.

"गंमत अशी आहे आई," दिव्या चाचरत म्हणाली, "आपलं नाव आपल्याला कधीच दिसत नाही. समोरच्याला दिसतं. म्हणून अण्णांना कळलं नाही."

बाईंना हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी खांदे हलतच राहिले. ते हलणारे खांदे सोपानरावांनी बघितले आणि त्यांचा पारा चढला.

"हसतीयास? साऱ्या चाकणात मी अहो झालो! आता गेटवरचा वॉचमन बी मला अहो म्हणंल! नाव न्हाई व्हय मला?"

"हाय की."

"मग सांगायचं!"

"कसं सांगू?" बाईंचा आवाज एकदम खाली आला. "कधी घेतलंय का मी?"

"मग जिला नाव घेता येत न्हाई, तिनं नावाच्या कारभारात बसू ने! उद्यापासून फोनावर दुसरं माणूस बसंल."

पोरांचं हसू गेलं. "अण्णा, दोन मिनिटांचं काम आहे, मी बदलते," म्हणून दिव्यानं बोट कीबोर्डवर ठेवलं, पण सोपानराव ऐकतील तर ते सोपानराव कसले! "तू न्हाई टाकायचं. जिनं 'अहो' सांगितलं, तिनंच नाव सांगायचं. सांगितलं तर खुर्ची तिची." आणि तरातरा निघून गेले.

त्या दुपारी बाई खुर्चीतून उठल्याच नाहीत. उठलं की कुणी बसेल, ही भीती. ह्या खुर्चीआधीच्या त्या दुपारी आठवल्या, त्या टीव्हीतल्या सासवा आठवल्या. परत तिथं जायचं? एका नावापायी? नाव काय कठीण होतं? मनात शंभर वेळा म्हणून झालं. पण ओठापर्यंत आलं की जीभ टाळूला चिकटायची. सासू वरून बघतेय असं वाटायचं. ज्या बाईनं चाकणच्या निम्म्या मॅनेजरांना झापलं होतं, तिला तीन अक्षरं जड झाली.

तेवढ्यात फोन वाजला. 'बंटी खड्डा'. "काकी," तो म्हणाला, "नुसतं नाव घेता येत नसंल तर उखाण्यात घ्या की! आमच्या आईनं दुसरं कसं घेतलं?"

बाई ताडकन उभ्या राहिल्या. मग आठवण झाली आणि लगेच परत बसल्या. खुर्ची सोडायची नव्हती. "बंटी," म्हणाल्या, "आज तुझा खड्डा बुजला म्हणून समज!"

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेन निघायच्या वेळेला बाईंनी सगळ्यांना अंगणात उभं केलं. स्वतः नेसल्या होत्या ठेवणीतलं लुगडं. नाकात नथ. खुर्ची उचलून बाहेर आणलेली, तीत बसलेल्या. सोपानराव क्रेनचं हवापाणी बघायच्या मिषानं चाकापाशी घुटमळत होते, पाठ इकडं करून. दिव्या मांडीवर कम्प्युटर घेऊन तयार.

"लिव्ह गं," बाई म्हणाल्या, घसा साफ केला, आणि त्यांचा तो बैल थांबवणारा जुना आवाज अंगणात घुमला:

"चाकणच्या चौकात गाड्यांची रांग,
पडदा म्हणतो मला, नाव तरी सांग;
हायड्रा उचलतो लोखंड, मी उचलते फोन,
सोपानरावांचं नाव घ्यायला माझ्याशिवाय कोण!"

अहाहा! काय दंगा झाला म्हणता! बंटीनं हायड्रावर चढून हॉर्न वाजवला. समाधाननं हातातली पोळी हवेत उडवली आणि परत झेलली, खायची होती ना. शेजारची शालनबाई गच्चीवरून "पुन्हा एकदा!" म्हणून ओरडली. दिव्या डोळे पुसत टाइप करत होती. सोपानराव चाकापासून वळले तेव्हा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले होते, आणि मिशीखाली काहीतरी वळवळत होतं. हसूच होतं ते, पण कबूल कोण करणार?

"बास का?" बाईंनी विचारलं. "खुर्ची माझी?"

"तुझीच हाय," ते पुटपुटले. "कुणी नेलीया?"

"अण्णा, आता तुमचा नंबर!" बंटी वरून ओरडला. "काकींचं नाव घ्या! उखाण्यात!"

"घ्या, घ्या!" सगळं अंगण एका सुरात.

सोपानरावांनी तोंड उघडलं. बाई खुर्चीतून पुढं झुकल्या, खोटं कशाला सांगा. सोपानरावांनी तोंड मिटलं. "मला कुरुळीला जायचंय," म्हणाले, मोटारसायकलला किक मारली आणि पसार. पोरं हुर्यो करत राहिली. बाईही हसल्या, पण खुर्ची आत नेताना ती जरा जड लागली. आपण नथ घालून नाव घ्यावं आणि ह्या माणसानं कुरुळीला पळावं! असो. ज्याच्या नशिबी 'अगं', त्यानं 'अगं'वर भागवावं.

दिव्यानं तक्त्यात दोन रकाने केले. एक आत येताना सासूच्या पडद्यावर दाखवायचं नाव, एक बाहेर जाताना बाकी सगळ्यांच्या. आत सासूच्या मनासारखं, बाहेर शहाण्यासारखं. समाधानला आता गेटवर उभं करत नव्हते. विजयश्री मॅडमनी स्वतः फोन करून माफी मागितली, आणि त्यांचे खरे अहो अजूनही दळण आणत नाहीत हेही सांगून टाकलं. त्यावर दोघी अर्धा तास बोलल्या, क्रेन बाजूलाच राहिली.

आठवडा गेला असेल. बाईंनी दुपारी मॅडमना फोन लावला, उद्याची गाडी लवकर पाठवू का म्हणून विचारायला.

"बोला रंभाताई!" मॅडम म्हणाल्या.

बाईंच्या हातातून फोन पडायचाच राहिला. "कोण?"

"का हो? पडद्यावर तर 'रंभा' आलंय. मी म्हटलं, ऑफिसात कुणी नवीन आलं की काय. आवाज तर तुमचाच. किती छान नाव! कुणाचं?"

"माझं," बाई म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, "माझंच हाय. नंतर करते हां मॅडम."

त्यांनी दिव्याला हाक मारली. अशी मारली, की शेजारची शालनबाईसुद्धा गच्चीवर आली. "ह्या फोनाचं नाव कुणी बदललं? तुला कुणी सांगितलं ते नाव?"

"मला कुठं माहीत होतं, आई! अण्णा सकाळी आले. म्हणाले, ऑफिसच्या फोनाचं बाहेर जाणारं नाव बदलायचंय. मी म्हटलं, सांगा, काय टाकू? तर बोलेचनात. दाराकडं बघितलं, छताकडं बघितलं, भिंतीवरच्या गोजाआजींच्या फोटोकडं बघितलं. मग मला म्हणाले, हो बाजूला. आणि एका बोटानं अक्षरं हुडकून हुडकून स्वतःच टाकलं. मला वाटलं, नवीन क्रेनचं नाव असेल."

खिडकीबाहेर सोपानराव हायड्रापाशी उभे राहून बंटीला काहीतरी सांगत होते. बाईंनी फोन ओढून घेतला आणि नवऱ्याचा नंबर दाबला.

बाहेर त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढला. पडद्याकडं बघितलं. डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला, आणि फोन तसाच हातात धरून उभे राहिले. उचलला नाही.

"अण्णा, वाजतोय की! घ्या ना!" बंटी म्हणाला.

"वाजू दे रं जरा," सोपानराव म्हणाले. "वाचतोय मी."

आणि आत रंभानं फोन तसाच वाजत ठेवला.